रोलर की टर्बो ट्रेनर: घरात सायकल चालवायला काय घ्यावं

लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारालाच अंधार पडतो आणि सकाळी रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो. पुण्या-नाशिकात जुलैमध्ये खड्डे पाण्याखाली जातात आणि किती खोल आहेत ते चाक आत गेल्यावरच कळतं. तिकडचा हिवाळा असो की इकडचा पावसाळा, वर्षातले तीन-चार महिने सायकल घरात घ्यावी लागते. मग प्रश्न येतो, रोलर घ्यायचा की टर्बो ट्रेनर?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. वॅट (पायांची ताकद) मोजून जोराचे इंटरव्हल (मध्ये विसावा घेत केलेले जोराचे टप्पे) करायचे असतील, घाटाची तयारी करायची असेल, तर डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर घ्या. पाऊणएक तास हलकं पण सफाईदार पॅडलिंग हवं असेल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर तीन ड्रमचा रोलर घ्या. मागच्या टायरला टेकणारा ‘स्मार्ट’ ट्रेनर (ॲपला जोडून वॅट दाखवणारा) मात्र आम्ही कोणालाच सुचवणार नाही. टायरला टेकणाराच परवडत असेल तर साधा फ्लुइड ट्रेनर घ्या. असं का, ते पुढे येतंच.

रोलर म्हणजे एका चौकटीत बसवलेले तीन ड्रम. मागचं चाक दोन ड्रमांच्या मधल्या खाचेत बसतं, पुढचं चाक एका ड्रमवर टेकतं. मधल्या ड्रमवरून पुढच्या ड्रमवर एक पट्टा जातो, त्यामुळे मागचं चाक फिरलं की पुढचंही फिरतं. सायकल कुठेही बांधलेली नसते, तोल तुमचा तुम्ही सांभाळायचा. टर्बो ट्रेनरमध्ये मागचा ॲक्सल स्टँडमध्ये पक्का धरलेला असतो. टायरला एक छोटा रोलर टेकवून विरोध देतात तो झाला चाकाचा ट्रेनर. मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चक्रांच्या संचावर) चढवतात तो डायरेक्ट ड्राइव्ह.

पायाला जोर कुठे लागतो

निवडीचा खरा निकाल इथे लागतो. रोलरवर समोरून वारा येत नाही. टायर ड्रमवर दाबला जातो आणि त्यातून जेवढा विरोध होतो तेवढाच. त्यामुळे वेग दुप्पट केला की लागणारी ताकदही साधारण दुप्पटच होते. रस्त्यावर हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपट. म्हणूनच मोठ्या ड्रमच्या रोलरवर सगळ्यात जड गिअर टाकून केडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) शंभरावर नेला तरी घाटात मांड्यांना जो भार येतो तो येत नाही. पाच-पाच मिनिटांचे ३०० वॅटचे इंटरव्हल अशा रोलरवर करायला गेलात तर पाय नुसते भिरभिरतात.

यावर उपाय आहेत. पहिला उपाय ड्रमच्या व्यासाचा. ड्रम जितका बारीक तितका टायर जास्त चेपला जातो आणि विरोध वाढतो. अमेरिकेतल्या क्राइटलरचे ॲल्युमिनियमचे ड्रम ४.५, ३ आणि २.२५ इंच अशा मापांत मिळतात. ४.५ इंची ड्रम म्हणजे लोण्यासारखी चाल, २.२५ इंची ड्रमवर अर्ध्या तासात घाम निघतो. नवशिक्याने ३ इंचाच्या खाली जाऊ नये. त्याच कंपनीचा हेडविंड नावाचा पंखा मागच्या ड्रमला पट्ट्याने जोडता येतो. वेग वाढला की पंख्याचा विरोध रस्त्यावरच्या हवेसारखाच झपाट्याने वाढतो, शिवाय अंगावर थोडा वाराही येतो. दुसरा उपाय चुंबकाचा. इलाइटच्या क्विक-मोशन रोलरमध्ये चुंबकाच्या विरोधाच्या तीन पायऱ्या आहेत आणि चौकट थोडी पुढेमागे सरकते, त्यामुळे जोर लावताना बसणारा हिसका ती पोटात घेते. तिसरा उपाय फुकटचा. २५ मिमीच्या टायरमधली हवा १०० पीएसआयवरून ८०वर आणली की फरक पायाला जाणवतो. त्याहून खाली मात्र जाऊ नका, टायर तापतो.

एवढं करूनही रोलर हे ताकदीपेक्षा लयीचं यंत्र आहे. पॅडल वरून खाली नुसतं दाबणाऱ्याची सायकल रोलरवर डोलते, आणि गोल पॅडल मारायला लागल्याखेरीज ती स्थिर होत नाही. खांदे आखडले, हँडल घट्ट धरलं, की पुढचं चाक लगेच चुगली करतं. व्हेलोड्रोमवरचे (सायकल शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवरचे) रायडर शर्यतीआधी रोलरवर वॉर्मअप करतात ते याचसाठी. कमी जोरात पाय वेगाने मोकळे होतात, आणि रोलर घडी करून कुठेही नेता येतो.

रोलर लावताना

सर्वांत जास्त चुका पुढच्या ड्रमच्या जागेत होतात. सायकल रोलरवर ठेवून बाजूने बघा. पुढच्या ड्रमचा मध्य पुढच्या ॲक्सलच्या बरोबर खाली किंवा एक-दोन सेंटिमीटर पुढे हवा. ड्रम ॲक्सलच्या मागे राहिला तर हँडल चंचल होतं आणि चाक पुढे उतरू पाहतं. चौकटीला यासाठी भोकं किंवा सरकती पट्टी असते. फ्रेमचं माप बदललं की ही जागाही बदलते, तेव्हा घरातल्या दोघांनी एक रोलर वापरायचा असेल तर दोघांच्या जागा पट्टीवर मार्करने खुणा करून ठेवा. पट्टा सरळ बसलाय, कुठे पीळ पडलेला नाही, हे हाताने चाक फिरवून पाहा. पट्टा तुटला किंवा निसटला तर पुढचं चाक थांबतं, आणि थांबलेल्या चाकावर हँडल वळवून तोल सावरता येत नाही.

दोन्ही टायर गुळगुळीत हवेत. डोंगरी सायकलचे गुठळ्यांचे टायर रोलरवर इतके थरथरतात की दात वाजतात. ३२ ते ३८ मिमीच्या गुळगुळीत टायरची हायब्रीड सायकल मात्र छान चालते.

शिकण्यासाठी दाराच्या चौकटीसारखी जागा नाही. रोलर चौकटीच्या मधोमध ठेवा, दोन्ही कोपरांना आधार मिळतो. रोलरच्या उंचीएवढं लाकडी स्टूल डाव्या बाजूला ठेवा, चढण्या-उतरण्यासाठी. गिअर मध्यम जड निवडा, पुढे ५० आणि मागे १७च्या आसपास. हलक्या गिअरवर चाक हळू फिरतं, आणि हळू चाकावर तोल राहत नाही. सुरुवातीलाच ८५-९०च्या केडन्सवर या. नजर पुढच्या चाकावर ठेवली की सायकल हमखास डुलते, दोन-तीन मीटर पुढे भिंतीवर एक खूण करून तिथे बघा. पाणी प्यायचा मोह पहिल्या दिवशी टाळा. दहा-पंधरा मिनिटांची चार-पाच सत्रं झाली की बहुतेकांचे हात चौकट सोडतात.

सायकल रोलरवरून निसटली की समोरच्या कपाटात जाऊन आदळते, असा एक समज आहे. तसं होत नाही. सायकल जागच्या जागी असते, पुढे धावण्याचा तिला वेगच नसतो, आणि फिरत्या चाकांतली ऊर्जा फार थोडी असते. माणूस पडतो तो बाजूला, आणि बहुधा पॅडल थांबवून बूट सोडवायला गेल्यावर. म्हणून उतरताना आधी भिंतीला हात लावा, मग पाय थांबवा. इलाइट एरिऑनचे ड्रम कडेला फुगीर आहेत, टॅक्स अँटारेसचे शंकूसारखे. चाक कडेला गेलं की ते मध्याकडे ढकललं जातं. नवशिक्याला याचा मोठा आधार आहे. सरळ ॲल्युमिनियम ड्रमवर चूक माफ होत नाही, पण त्यांची चाल जास्त गुळगुळीत आणि ते वर्षानुवर्षं टिकतात.

टायरला टेकणारा ट्रेनर

यात पंखा, चुंबक आणि फ्लुइड असे तीन प्रकार. पंख्याचा आवाज बंद खोलीत सहन होत नाही. चुंबकाचा स्वस्त असतो, पण त्याचा विरोध वेगाबरोबर रस्त्यासारखा वाढत नाही, दर वेळी हँडलवरची खिटी बदलावी लागते. फ्लुइडमध्ये बंद डबीतल्या तेलात पंखा फिरतो. वेग वाढला की विरोध आपोआप चढत जातो, त्यामुळे गिअर बदलून हवा तो जोर मिळवता येतो. कर्ट कायनेटिकचा रोड मशीन आणि सॅरिसचा फ्लुइड-२ ही यातली जुनी, भरवशाची नावं. वीज लागत नाही, ॲप लागत नाही.

पण टायर आणि रोलर यांचा संबंध हीच या जातीची दुखरी नस. दाब कमी पडला तर जोर लावताना टायर घसरतो, काळी भुकटी खाली पडते, जळक्या रबराचा वास येतो. दाब जास्त झाला तर टायर मधून सपाट होतो आणि विरोध फुगतो. योग्य पद्धत अशी: टायरमध्ये दर वेळी तेवढीच हवा भरा, समजा १०० पीएसआय. ट्रेनरची दाबाची खिटी फिरवून त्याचा छोटा रोलर टायरला नुसता टेकवा, मग दोन ते तीन फेरे आवळा. आता ट्रेनरचं फ्लायव्हील (जड फिरती चकती) हाताने धरून चाक ओढून पाहा. घसरलं तर अर्धा फेरा आणखी. संपल्यावर खिटी सैल करून ठेवा, रात्रभर दाबलेल्या टायरला तिथे खड्डा पडतो. रोजच वापरणार असाल तर ट्रेनरसाठीचा कडक रबराचा टायर, कॉन्टिनेंटलचा होमट्रेनर वगैरे, जुन्या रिमवर चढवून ठेवा. तो टायर लावून रस्त्यावर मात्र जाऊ नका, त्याला रस्त्यावर पकड नसते.

सायकलला लावलेलं हलकं क्विक रिलीज (चाक आवळणारी, खटका असलेली सळई) काढून ट्रेनरबरोबर आलेलं पोलादी क्विक रिलीजच लावा. ट्रेनरचे कप त्याच आकाराचे असतात. १२ मिमीच्या थ्रू-ॲक्सलला (चाकाच्या आरपार जाऊन आट्यांनी बसणाऱ्या ॲक्सलला) वेगळा अडॅप्टर लागतो.

याच जातीतला स्मार्ट ट्रेनर आम्हाला का पटत नाही, तर तो वॅट मोजतो टायरच्या आडून. टायर तापला, हवा कमी झाली, खिटी पाव फेरा कमी आवळली गेली, की आकडा सरकतो. वापराआधी दहा-पंधरा मिनिटं चालवून, सगळं गरम झाल्यावर स्पिनडाउन कॅलिब्रेशन (चाक वेगात नेऊन आपोआप थांबू देऊन आकडा जुळवणं) करावं लागतं, आणि ते रोज कोणी करत नाही. थंड गॅरेजमध्ये ही चूक आणखी वाढते. स्मार्टसाठी पैसे मोजायचे आणि आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, मग फायदा काय?

डायरेक्ट ड्राइव्ह

लेमाँड रेव्होल्यूशन या ट्रेनरने २०१०मध्ये मागचं चाक काढून टाकण्याची कल्पना बाजारात आणली आणि २०१२च्या वाहू किकरने तिला स्मार्ट केलं. आज किकर कोअरमध्ये ५.४ किलोचं फ्लायव्हील, १८०० वॅटपर्यंत विरोध, १६ टक्क्यांपर्यंतचा चढ आणि अधिक-उणे २ टक्के अचूकता मिळते. मोठ्या किकरमध्ये फ्लायव्हील ७.३ किलोचं, चढ २० टक्क्यांपर्यंत आणि अचूकता १ टक्का. टॅक्स नीओ २टी चुंबकांनी फ्लायव्हीलचा भास निर्माण करतो, २५ टक्के चढ दाखवतो आणि वीज नसली तरी चालतो. इलाइट सुइटो हलका, घडी होणारा आणि कॅसेट बसवूनच येणारा. आमच्या मते बहुतेकांना कोअर किंवा सुइटोच्या पातळीचा ट्रेनर पुरतो. १ आणि २ टक्क्यांतला फरक २०० वॅटला २ वॅटचा आहे, तेवढा पायांना कळत नाही.

बसवताना घाई नको. आधी फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) पाहा: शिमानो एचजी, स्रॅम एक्सडीआर की कॅम्पाग्नोलो. कॅसेट तुमच्या सायकलच्या स्पीडचीच हवी. ११ स्पीडच्या फ्रीहबवर १० स्पीडची शिमानो कॅसेट लावताना आधी १.८५ मिमीची चकती घालायची. काही १० स्पीड कॅसेटना त्यावर १ मिमीची आणखी एक लागते. चकती विसरली तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरवर आवळा. सायकल चढवल्यावर गिअर थोडे अडखळतात, कारण ट्रेनरवरची कॅसेट तुमच्या चाकापेक्षा केसभर आत किंवा बाहेर असते. मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) बॅरल, म्हणजे केबल ताणायचा स्क्रू, पाव-पाव फेरा फिरवून जुळवा, आणि किती फिरवलं ते लक्षात ठेवा, पुन्हा रस्त्यावर जाताना तेवढंच उलट. डिस्क ब्रेकवाल्यांनी कॅलिपरमध्ये प्लास्टिकची पाचर घालायलाच हवी. मध्ये डिस्क नसताना ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात.

अर्ग मोडमध्ये ट्रेनर ठरवलेले वॅट स्वतःच पकडून ठेवतो. इथे एक सापळा आहे. दमून केडन्स पडला की तेवढेच वॅट राखायला ट्रेनर विरोध वाढवतो, त्यामुळे केडन्स आणखी पडतो, आणि शेवटी पाय अडकतात. केडन्स ८०च्या खाली घसरतोय असं दिसताच जोर न लावता पाय भरभर फिरवा, किंवा अर्ग क्षणभर बंद करा. या मोडमध्ये पुढे छोटी चेनरिंग आणि मागे मधलं कॉग (दातेरी चक्र) ठेवा. चेन सरळ राहते, फ्लायव्हील हळू फिरतं, आवाज कमी होतो. सपाट रस्त्याचा सरसर जाणारा अनुभव हवा असेल तर मोठी चेनरिंग.

झ्विफ्टवर (घरातल्या सायकलिंगचं ॲप) रोलर आणि ट्रेनर दोन्ही चालतात, फरक एवढाच की रोलरवर फक्त स्पीड सेन्सर असेल तर वॅट अंदाजाचे असतात. खरे हवे तर क्रँक किंवा पॅडलमध्ये पॉवर मीटर लागतो. तो खर्च धरला की रोलरची स्वस्ताई बरीच उतरते.

घाम, आवाज, फ्रेम

ट्रेनरवर सायकल डोलत नाही, म्हणून बुडाखालचा दाब एकाच जागी राहतो. दर दहा मिनिटांनी वीस-तीस सेकंद उभं राहा. रोलरवर शरीर आपोआप हलत राहतं, तिथे हा त्रास कमी. कार्बन फ्रेमला रोलरचा काहीच ताण नाही. ट्रेनरवर उभं राहून स्प्रिंट मारताना मात्र पकडलेल्या ॲक्सलपाशी पीळ पडतो, म्हणून फ्रेमच्या वॉरंटीत ट्रेनरबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

घाम हा सायकलचा खरा वैरी. हेडसेट, स्टेमचे बोल्ट, हँडलच्या टेपखालचा ॲल्युमिनियम, सगळीकडे मीठ जाऊन बसतं. हँडलपासून सीटपोस्टपर्यंत टॉवेल ताणून बांधा, उतरल्यावर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, महिन्यातून एकदा टेप उचलून आत पाहा. मोठा पंखा चैनीत मोजू नका. मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात घाम वाळतच नाही, तिथे एक समोरून आणि एक पाठीकडून असे दोन पंखे लावा, आणि तासाला ७५० मिलीची बाटली मीठ घालून संपवा. इंग्लंडच्या ५ अंशांच्या गॅरेजमध्ये पहिली दहा मिनिटं पंखा बंद, मग चालू. तिथल्या कोरड्या गरम केलेल्या खोलीत प्लास्टिकच्या ड्रमवर स्थिर वीज साठते आणि हँडलला हात लावला की चटका बसतो, त्यात बिघाड काही नाही.

फ्लॅटमध्ये कानाला येणाऱ्या आवाजापेक्षा फरशीतून खाली जाणारी थरथर जास्त त्रासदायक. ८-१० मिमी जाडीची रबरी मॅट सगळ्यात आधी घ्या. डायरेक्ट ड्राइव्हवर फक्त चेनचा आवाज उरतो. रोलरची घरघर टाइल्सवर वाढते, आणि फरशी समतल नसेल तर सायकल एका बाजूला ओढते.

आपल्याकडची हायब्रीड असेल तर

इथे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. आपल्याकडच्या स्वस्त ७ स्पीड हायब्रीडमध्ये कॅसेटऐवजी आट्यांचं फ्रीव्हील असतं आणि मागचा ॲक्सल नटाने आवळलेला असतो. असा नटाचा ॲक्सल टायरच्या ट्रेनरच्या कपात बसत नाही, वेगळे नट मागवावे लागतात. डायरेक्ट ड्राइव्हसाठी ७ स्पीडची कॅसेट नवी घ्यावी लागते आणि तिच्यामागे ४.५ मिमीची चकती, ११ स्पीडच्या फ्रीहबवर त्यातच १.८५ची भर. रोलरला यातलं काहीच लागत नाही, सायकल उचलायची आणि ठेवायची. गावाकडे लाइट जाते तिथेही रोलर थांबत नाही.

डेक्कन क्लिफहँगरसारखी पुणे ते गोवा शर्यत नोव्हेंबरात असते, म्हणजे तिच्या तयारीचे महिने नेमके पावसाचे. तिथे तासन्‌तास ठरलेले वॅट आणि घाटाचा भार लागतो, रोलर पुरत नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची (ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब राइडची) सवय टिकवायची असेल तर मात्र ३ इंची रोलरवर आठवड्यातून तीनदा पाऊण तास पुरे, रविवारी पाऊस उघडला की रस्ता आहेच.

जुनं घेणार असाल तर रोलरचे ड्रम एकेक करून हाताने फिरवा आणि कडेला पेन्सिल धरून पाहा. पेन्सिल आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त झालं तर ड्रम गोल राहिलेला नाही, तो नीट होत नाही. बेअरिंग खरखरलं तर काळजी नको, ते सायकल दुरुस्तीवाला बदलून देतो. पट्ट्याला दोन बोटांनी दुमडून बारीक तडे शोधा. फ्लुइड ट्रेनरच्या डबीखाली पांढरा कागद अर्धा तास ठेवा, तेलाचा एक थेंब जरी पडला तरी सोडून द्या. डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर विकणाऱ्याच्या घरीच स्वतःची सायकल चढवा, २५० वॅटवर पाच मिनिटं चालवा, आणि पाय थांबवून फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत कान देऊन ऐका.